केळं बंद

आमच्या वर्गात मागच्या भिंतीवर चांगल्या सवयींचा तक्ता होता. माझ्याच हातचा. लवकर उठा, नखं कापा, भरपूर पाणी प्या, रोज एक फळ खा. तिसरीच्या मुलांना मी रोज सकाळी तो मोठ्याने म्हणायला लावायची, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ज्याची बाटली भरलेलीच दिसेल त्याला पुढे बोलावून सगळ्यांसमोर पाणी प्यायला लावायची. बाई कडक होत्या. बाई स्वतः मात्र सकाळी एक कप चहा घेऊन निघायच्या आणि दुपारी घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायच्या. "सारखं कोण उठणार?" एवढंच माझं कारण. पाठ दुखायची म्हणून पर्समध्ये गोळ्यांची पट्टी असायची, त्या गोळ्या मी शेंगदाण्यासारख्या खायची. बीपीची गोळी मात्र आठवली तर. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी मुलांना शिकवली आहे. उदाहरण समोरच उभं होतं, फक्त कुणी बोट दाखवलं नाही.

हे लिहायला मला गौरीने बसवलं. गौरी माझी मुलगी, धुळ्यातच कॉलेजला आहे. ती म्हणाली, "आई, पहिल्यांदा डायलिसिसला बसणाऱ्या बायका तुला फोन करतात आणि तू प्रत्येकीला तेच तासभर सांगतेस. एकदा लिहून टाक, घसा तरी वाचेल." म्हणून लिहिते आहे. यात डॉक्टरी माहिती नाही, ती डॉक्टरांकडून घ्यावी. मला काय सोडावं लागलं, घरात कोण कुणावर रागावलं आणि कुठल्या बारीकसारीक सवयींनी मला पुन्हा उभं केलं, तेवढं सांगते.

तो दिवस

मार्च होता, वार्षिक परीक्षा जवळ आलेली. आठवडाभर माझा चेहरा सकाळी गुबगुबीत दिसायचा. सुनील, माझे यजमान, म्हणाले, "आजकाल बरी दिसतेस." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग चपलेचा पट्टा बसेना. मग तोंडाची चव गेली, आणि एका सकाळी फळ्यावर तारीख लिहिता लिहिता उलटी आली.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्यांपैकीच असावेत इतके तरुण. त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या किती घेता?" मी म्हटलं, "कधीतरी." सुनीलनी माझी पर्स उघडली आणि टेबलावर तीन पट्ट्या मांडल्या. तिन्ही अर्ध्या संपलेल्या. आयुष्यभर मुलांच्या दप्तरातून चिंचा आणि गोट्या काढल्या मी, त्या दिवशी माझं दप्तर तपासलं गेलं.

रिपोर्ट दुपारी आले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, किडन्यांचं काम जवळजवळ थांबलंय. आजच मशीनवर घ्यावं लागेल."

मी त्यांना काय विचारलं असेल? "सोमवारी चाललं तर? पेपर तपासायचे आहेत."

ते हसले नाहीत. सुनीलनी खुर्ची ओढली आणि बसले, आणि बसल्यावर गोळ्यांच्या त्या तीन पट्ट्या काढून पुन्हा मोजायला लागले. तेव्हा कुठे मला भीती वाटली. खूप वाटली. गौरीचं लग्न, माझी नोकरी, आणि माहेरी आबांना हे कोण सांगणार, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

आबा आले

आबा म्हणजे माझे वडील. चोपड्याकडच्या एका गावात, तापीच्या बाजूला आमची केळीची शेती. वय चौऱ्याहत्तर, धोतर, टोपी, आणि बोलणं अजून पक्कं गावाकडचं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघून, अमळनेरला गाडी बदलून, नऊ वाजता माझ्या खाटेशी उभे. हातात पिशवी. पिशवीत काय असणार? केळ्यांची फणी.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि आमच्या भागात हात भरायचा म्हणजे केळ्यानेच. आबा आले, माझा भाऊ विलासदादा आला, चुलते आले, मामेभाऊ आला. दोन दिवसांत माझ्या खाटेशेजारचं कपाट म्हणजे बाजारातलं दुकान झालं. तिसऱ्या दिवशी आहार सांगणाऱ्या बाई आल्या, कपाटाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांनी यादी वाचली. केळं बंद. नारळपाणी बंद. टोमॅटो, बटाटा, पालक, सगळं विचारून. मीठ जवळजवळ नाही. पाणी दिवसाला तीन पेले, चहासकट.

भरपूर पाणी प्या, रोज एक फळ खा. माझ्या तक्त्यातल्या दोन ओळी तिथल्या तिथे पुसल्या गेल्या.

आबांना बाकीच्या यादीशी देणंघेणं नव्हतं. ते एकाच शब्दावर अडले. "केळं बंद? केळं खाईसन कोणी मरी गया का आजलगुन?" आजलगुन म्हणजे आजवर.

बाई म्हणाल्या, "आबा, निरोगी माणसाला केळं अमृत आहे. यांच्या किडन्या त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत. यांच्या हृदयाला धोका आहे."

आबांनी फणी परत पिशवीत भरली. भरताना एक केळं गळून पडलं, ते त्यांनी उचललं, धोतराला पुसलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं. मला ते बघवेना, मी कूस बदलली.

केळीखालची वर्षं

त्या खाटेवर पडून मला फार जुनं आठवायचं. तहानेने आठवायचं, असं म्हटलं तरी चालेल. शेतात मोटर सुरू झाली की पाइपातून पाण्याचा जाड धपका पडायचा, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ ओंजळ धरायचो. अर्धं पाणी तोंडात, अर्धं फ्रॉकवर. किती प्यायलो ते कोण मोजत होतं? दिवसाला तीन पेले मिळायला लागल्यावर मला तो धपका कानात ऐकू यायचा.

आमच्या घरात केळ्याशिवाय काही होतच नव्हतं. बाळाचं उष्टावण केळ्याने. ताप उतरला की आई केळं कुस्करून दुधात द्यायची. पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत नको नको म्हणताना फणी जायची. उन्हाळ्यात बाहेर जमीन भाजत असायची आणि केळीच्या बागेत पाऊल टाकलं की अंगावर गारवा यायचा. परीक्षेचा अभ्यास मी तिथेच केला. आबांची आरोग्याची सवय एकच. पहाटे बांधावर उभं राहून एक केळं खायचं, साल बुंध्याशी टाकायची आणि कामाला लागायचं. त्यांना कधी सर्दी झालेली मला आठवत नाही.

मी जळगावला डी.एड.ला होते तेव्हा दर पंधरा दिवसांनी रविवारी आबा वसतिगृहावर यायचे. हातात स्टीलचा डबा, डब्यात वेफर्स. ते आई करायची आणि आबा पोचवायचे. खोलीतल्या मुली डबा बघून आबांना माझ्याआधी नमस्कार करायच्या. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर आबांनी एक दिवस कुणाला न सांगता अंगणात चूल पेटवली, मोठी कढई ठेवली आणि हिरवी केळी सोलून थेट तेलावरच किसणी धरली. मिठाचं पाणी तेलात शिंपडलं की तेल केवढ्याने ओरडतं! वहिनी घाबरून बाहेर आली. आबा घामाने निथळत होते आणि खूश होते. तेव्हापासून वेफर्स आबांच्या हातचे. मला ते आईच्या वेफर्सपेक्षा आवडायचे, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार

आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. मानेजवळ नळी, नळीतून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून परत आत. पहिल्या वेळी मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पाचव्या वेळी मी मशीनच्या आवाजावर पाढे म्हणत होते. माणूस कशालाही सरावतो.

शेजारच्या खाटेवर एक शेठजी असायचे, कापडाचे व्यापारी, तीन वर्षं मशीनवर काढलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तहान लागते?" मी म्हटलं, "रडू येईल इतकी." ते म्हणाले, "एक पेला पाण्याचा बर्फ करा. बारीक बारीक खडे. एक खडा जिभेवर ठेवायचा आणि बोलायचं नाही. बोललात की लवकर संपतो." मी वर्गात चाळीस मुलांना गप्प बसवलं, मला गप्प बसवलं शेठजींच्या बर्फाने.

तिथूनच माझ्या नव्या सवयी सुरू झाल्या. आधीच सांगते, या माझ्या आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नका. सकाळी उठल्या उठल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, कारण पाणी अंगात साठलं की काटा आधी सांगतो. गौरीने एका बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारून दिली. दिवसाचं पाणी त्या रेघेपर्यंत, आणि ते मोठ्या पेल्यातून नाही, देवाच्या तीर्थाच्या वाटीतून प्यायचं. वाटी छोटी असली की जास्त वेळा प्यायल्यासारखं वाटतं. मनाला फसवायला फार अक्कल लागत नाही. दुखलं तरी गोळी न घेता आधी फोन करायचा. आणि जेवणानंतर दारातून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत चालत जाऊन यायचं, सुरुवातीला सुनीलच्या खांद्यावर हात ठेवून.

भाजी बारीक चिरून उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायचं. ते काम सुनीलनी घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी चव घेतली आणि म्हणाले, "ही भाजी नाही, भाजीचं भूत आहे." पण दुसऱ्या दिवसापासून तेही तेच खायला लागले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "एका घरात दोन भाज्या करायला माझ्याकडे वेळ नाही." प्रेम करायची त्यांची पद्धत अशीच, कारण सांगून.

डबा

आबा दर रविवारी यायचे. पण आता हात रिकामे. यायचे, खुर्चीत बसायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे. बोलायला विषय नाही. ज्या माणसाने आयुष्यभर देऊनच बोलणं केलं त्याला रिकाम्या हाताने बोलता येत नव्हतं. तासाभराने म्हणायचे, "चालनू मी," आणि उठायचे.

जूनमधल्या एका रविवारी ते आले ते चेहरा खुलवून. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. तोच वसतिगृहाचा, झाकणाला पोचा पडलेला.

"आबा, हे काय?"

"केळं बंद शे ना? मी केळं नही लई उनू. वेफर शेतस. आनी मीठ बी टाकं नही, एक खडा बी नही."

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडे या, म्हणजे कळेल. आमच्या भागात केळं म्हणजे पिवळं, सोलून खायचं. हिरवं म्हणजे माल. आणि वेफर्स ही तर तिसरीच गोष्ट, ती दुकानात मिळते, उपवासाला चालते, प्रवासात नेतात. वेफर्सला केळं कोण म्हणतं? आबांनी तर डॉक्टरांची प्रत्येक अट पाळली होती. केळं नाही, मीठ नाही. त्यांनी तेलात मिठाचं पाणीसुद्धा शिंपडलं नव्हतं. आणि मी? मी शिकलेली, पोरांना विज्ञान शिकवणारी. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं. तीन महिने भाजीचं भूत खाल्लेली जीभ होती माझी.

आबा त्या वेळी मुक्कामाला राहिले. सुनील आणि गौरी घरात नसले की मी डबा उघडायची. रविवारी संध्याकाळी, सोमवारी सकाळी, सोमवारी दुपारी. आबा समोर बसून बघायचे. मधूनच आग्रह करायचे, "खाय पोरी, आखो खाय." बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या हातांना काम मिळालं होतं.

सोमवारी चार वाजता मी पलंगावरून उठायला गेले आणि पाय उचलेनात. दुखत नव्हते, फक्त माझे नव्हते. छातीत ठोका पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. मी आबांना हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ओळखू आला नाही.

सुनील नुकतेच परतले होते, त्यांनी शेजाऱ्यांची गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि धावपळ सुरू झाली. "काय खाल्लं?" मी म्हटलं, "काही नाही." गौरीने घरून डबा आणला होता, तो तिने पुढे केला. डब्यात तीनेक वाट्या वेफर्स होते, त्यातली एकच वाटी उरली होती. डॉक्टर म्हणाले, "हे केळंच आहे, मॅडम. तळताना त्यातलं पाणी उडालं, बाकी सगळं आत राहिलं. मूठभर खाल्लंत तरी पुष्कळ झालं."

आबा दारातच उभे होते. सुनील वळले. ते शांत माणूस आहेत, पंचवीस वर्षांत त्यांनी आबांसमोर आवाज चढवला नव्हता. "आबा, तुम्ही मारलं असतं हिला! कळतंय का तुम्हाला? तुमच्या हाताने मारलं असतं!"

मला मशीनवर नेत होते. आबांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. मी शुद्धीवर होते, सगळं दिसत होतं, आणि मला मरणाची भीती त्या क्षणी एकाच कारणाने वाटली. मी आता गेले तर हा म्हातारा उरलेलं आयुष्य आपल्याच हातांकडे बघत काढेल. देवा, आज नको, एवढंच मी म्हणत होते.

मी वाचले. आबा माझी भेट न घेता गावी निघून गेले.

दहा महिने

ते पुन्हा आले नाहीत. विलासदादाच्या फोनवरून बोलायचे. "जेवनी का?" "हो आबा." "बरं." पूर्वी ते हमखास विचारायचे, काय खादं? आता तो प्रश्नच गळाला. मी म्हणायची, या ना भेटायला. ते म्हणायचे, बागेत काम शे.

सुनीलना फार लागलं होतं. दिवाळीत ते स्वतः गावी गेले, पाया पडले, माफी मागितली. आबांनी त्यांना चहा दिला, पिकाचं बोलले, आणि निघताना एवढंच म्हणाले, "तुम्ही खरं बोलनात, जावईबापू. मना हात बरा नही."

मला आबांचा रागही यायचा. मी दादाला फोनवर म्हटलं, "वेफर्सने नाही मेले, पण यांच्या अबोल्याने मरेन, सांग त्यांना." दादा म्हणाला, "सांगितलं. ते उठून शेतात गेले." आजारपणात सगळ्यात जास्त मला कशाने रडवलं म्हणाल तर सुयांनी नाही, या दहा महिन्यांनी. बरं व्हायचं तर कुणासाठी तरी व्हायचं असतं. माझ्या मनात एकच होतं, आबांनी पुन्हा एकदा मला त्यांच्या हातचं काहीतरी वाढावं. नुसतं पाणी का होईना.

दरम्यान माझ्या किडन्यांना थोडी दया आली. लघवी वाढायला लागली. एरवी ही गोष्ट पुस्तकात लिहिण्यासारखी नाही, पण आमच्या घरात त्या दिवशी सुनीलनी शिरा केला होता. आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं. मग जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "आता मशीनशिवाय राहून बघू." शेठजींनी खाटेवरूनच हात जोडले. "बाई, परत येऊ नका हं. आलात तर बर्फ मिळणार नाही." त्यांची तीन वर्षं आता चौथ्यात गेली होती. मला आनंद लपवावासा वाटला, तर ते म्हणाले, "लपवू नका. इथं बघायला मिळत नाही तो."

मी पूर्ण बरी नाही. पथ्य आहे, गोळ्या आहेत, तपासण्या आहेत. पण मशीन सुटलं.

आखाजीला

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी सासुरवाशीण माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. मी पन्नाशीला टेकलेली सासुरवाशीण, डॉक्टरांची परवानगी काढून, चोपड्याच्या बसमध्ये बसले. आबांना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांना नेमकं बागेत काम निघालं असतं.

मी अंगणात पोचले तेव्हा ते ओट्यावर होते. उठले, पुन्हा बसले. वाळले होते. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवायला त्यांनी किंचित वेळ घेतला. वहिनीने मला आत नेऊन सांगितलं, त्या दिवसापासून आबा चुलीजवळ येत नाहीत. कढई माळ्यावर टाकली आहे. पहाटेचं केळंही सोडलंय.

दोन दिवस वहिनीनेच माझं पथ्याचं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बागेकडे गेले आणि थबकले. विहिरीजवळच्या कोपऱ्यात केळी नव्हत्या. तिथे बांबूचा मांडव, आणि मांडवावर गिलकी, दोडकी, दुधी. मुंबईकडे गिलक्याला घोसाळं म्हणतात. माझ्या चालणाऱ्या भाज्यांच्या यादीतल्या पहिल्या तिन्ही.

आबा आळ्यात पाणी सोडत होते. मी विचारलं, "हे कुणासाठी?"

"बाजारले," ते म्हणाले.

मागून दादा हसला. "एक दुधी विकला नाही अजून. सगळ्या गावाला वाटतात. दर आठवड्याला गौरीला फोन करून यादी वाचायला लावतात, काय चाले, काय नही चाले. यादी पाठ झालीय त्यांची, माझीसुद्धा झाली."

गौरीने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, आजोबांनी शपथ घातली होती.

मी आळ्याच्या कडेला बसले. "आबा, मला भूक लागलीय. ही गिलक्याची भाजी करा. तुमच्या हाताने."

"सून करी दी ना."

"नाही. तुम्ही."

"मना हात बरा नही, माय."

मग मात्र माझ्यातली बाई जागी झाली. मी वर्गात म्हणते त्याच आवाजात म्हटलं, "हात पुढे करा." ते बघत राहिले. "पुढे करा म्हणते ना!" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. केळीच्या चिकाने रेषारेषांत काळे पडलेले, आता त्यावर ओला चिखल. मी उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली.

"हात चांगला आहे," मी म्हटलं. "उठा."

त्यांनी भाजी केली. वहिनीला बाहेर बसवलं आणि मला दारात. गिलकी बारीक चिरली, उकळली, पाणी मोरीत ओतलं. ओतताना त्यांनी तोंड फिरवलं, कारण भाजीचं पाणी फेकणं म्हणजे सत्त्व फेकणं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पुन्हा उकळली, पुन्हा ओतलं. लसणाची फोडणी, मीठ नाही. तव्यावर एक भाकरी. मग तिथूनच गौरीला फोन लावला, काय काय टाकलं ते एकेक करून सांगितलं, आणि तिने होकार दिल्यावरच ताट घेतलं.

आमच्याकडे जेवणारा नको म्हणतो ते कुणी ऐकत नाही. दोन्ही हात ताटावर आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून वाढतात, आणि त्यात गावात आबांचा हात कुणी धरायचा नाही. त्याच आबांनी दोन चमचे भाजी वाढली, पळी पातेल्यात ठेवली आणि मागे सरकून बसले.

मी खाल्ली. संपवली. ताट पुढे केलं. "आबा, अजून वाढा."

"बस शे तेवढी."

"वाढा म्हणते. मला हवीय."

त्यांनी अर्धा चमचा वाढला. मग माझ्या तोंडाकडे बघत बसले, घास चावताना, गिळताना. त्यांचं स्वतःचं ताट झाकूनच होतं.

"दम लागस का?"

"नाही आबा."

"छाती?"

"बरी आहे."

मग खाली बघून त्यांनी विचारलं, "पाय उचलतस का?"

मी हात धुतले, उठले आणि अंगणात उतरले. एका टोकाच्या निंबापासून दुसऱ्या टोकाच्या गोठ्यापर्यंत चालत गेले, मुद्दाम पाय उचलून उचलून, कवायतीला चालतात तशी. गोठ्याला हात लावला आणि परत आले. वहिनी तोंडावर पदर धरून हसत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या दिवसाच्या हिशेबात मी ते धरलं नाही. आबा दारात उभे होते, माझ्या पावलांकडे बघत. मी त्यांच्यासाठी आणखी एक फेरी मारली.

"बस आते," ते म्हणाले, "जेवण थंडं व्हई ऱ्हायनं," आणि आत जाऊन त्यांनी आपल्या ताटावरचं झाकण काढलं.